टाकून द्यायची वस्तू

माणूस रोज सकाळी जी वस्तू टाकून देतो, वर पाणी ओततो आणि वळूनही बघत नाही, ती वस्तूसुद्धा सुनेनं द्यायला नाही म्हटलं. अंगावरचा दागिना मागितला नव्हता, मूत्रपिंड मागितलं नव्हतं, रक्ताची बाटलीही नाही. आणि नाही म्हणायची रीत तरी कशी! चष्म्याच्या दुकानात काचेच्या कपाटामागे उभी राहून, हातातली फ्रेम मऊ फडक्यानं पुसत पुसत म्हणाली, "नाही काकी, मला जमणार नाही." आवाज चढला नाही, डोळा ओला झाला नाही. 'हा रंग आमच्याकडे येत नाही' असं गिऱ्हाइकाला सांगावं, तसं. वर 'काकी'. आपल्या लॉन्ड्रीत कपडे टाकायला येणारा काकी म्हणतो, इस्त्रीवाला काकी म्हणतो, मीटर बघायला येणारा काकी म्हणतो. त्या रांगेत ही पण जाऊन उभी राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून घर सोडून गेली त्या सकाळपर्यंत हिच्या तोंडी 'आई' होतं. घर सोडताना माणूस कपडे नेतं, भांडी नेतं; हिनं तेवढा एक शब्द नेला होता, बाकी सगळं कपाटात जसंच्या तसं ठेवून.

दुकानाचं काचेचं दार काकीच्या पाठीमागे फुस्स करून आपलं आपणच बंद झालं. धाडकन आपटायचीही सोय नव्हती. फुटपाथवर उन्हात उभं राहून तिनं पिशवीचं तोंड घट्ट धरलं. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली प्लॅस्टिकची बरणी होती, पांढऱ्या झाकणाची, वर चिकटपट्टीवर मुलाचं नाव. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, आणि काकीनं जन्मात कधी लपवलं नव्हतं. मुळात ती कुणाच्या दारी ताकालाच गेली नव्हती. आज गेली, आणि भांडं लपवूनच गेली. दुकानात शिरल्यावर सून म्हणाली होती, "बसा. नंबर तपासायचाय?" "माझे डोळे चांगले आहेत." "मग?" "त्याला बरं नाही." "माहीत आहे. इस्त्रीवाला भेटला होता." "माहीत होतं, तरी आली नाहीस." यावर सुनेनं हातातलं फडकं चौकोनी घडी करून बाजूला ठेवलं. घडी छान होती. काकीकडेच शिकली होती. "काय हवंय, काकी?" आता सरळ सांगायचं, ते सोडून काकी भलतीकडूनच शिरली. म्हणाली, "तुझं पोट कसं असतं?" "काय?" "पोट, पोट. रोज साफ होतं का?" आरशापुढे चष्मा लावून मान तिरपी करणारा एक गृहस्थ होता, त्याची मान तशीच राहिली. "डॉक्टरांना तुझा नमुना पाहिजे." "कसला नमुना?" काकीनं आयुष्यभर मशीनच्या खडखडाटावरून ओरडून बोललेलं, हळू बोलायला गेली तर आवाज वाफेच्या इस्त्रीसारखा निघाला, "शी!" गृहस्थानं फ्रेम काढून अलगद खाली ठेवली आणि तो बाहेर गेला. तेव्हा, तेवढ्या एका क्षणापुरत्या, दोघींच्याही ओठांच्या कडा हलल्या. काकीला वाटलं, जमलं. हसली म्हणजे जमलं. आणि नेमकी तेव्हाच ती नाही म्हणाली.

बस आली. काकी चढली, खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेतली. 'का?' असं तिनं विचारलं होतं, आणि ते विचारायला नको होतं. "वाचले," सून म्हणाली होती, "तर तुम्ही म्हणाल, तुझ्यामुळं वाचला, आता मुकाट्यानं नांदायला ये. आणि गेले, तर म्हणाल, हिच्या घाणीनं माझा मुलगा मारला. मला दोन्ही ऐकायचं नाही." मेली काय बोलते! काकीला राग आला तो वाक्याचा नाही. राग आला तो यासाठी, की त्यातलं पहिलं वाक्य तिनं सकाळी दात घासतानाच तयार करून ठेवलं होतं, जवळपास त्याच शब्दांत. पोटातलं ओठावर यायच्या आत दुसऱ्यानं उचलून नेलं, की चोरी झाल्यासारखं वाटतं. बसच्या काचेवर कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता. सवयीनं तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळून तो पुसला, आणि पुसल्यावर जास्तच पसरला.

ही सगळी विद्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंची. वयानं एवढीशी, कोट खांद्यावरून ओघळणारा. काकीला पहिल्या भेटीत वाटलं होतं, कोटाच्या बाह्या चार बोटं आत घेऊन द्याव्यात. पण समजावायची मात्र नीट. म्हणाली, माणसाच्या आतड्यात जंतू असतात, अगणित, आणि ते असायलाच लागतात. काकी म्हणाली, "आमच्यात नसतील. आम्ही सगळं उकळून घेतो." डॉक्टरीणबाई हसली नाही. म्हणाली, दारूनं त्यातले चांगले मरतात आणि दांडगे माजतात. आतड्याची भिंत झिरपायला लागते. तिथलं विष थेट लिव्हरला जातं, आणि लिव्हर आधीच दारूनं अर्धमेलं झालेलं. ते विष गाळणार कुठून? ते मग डोक्यात चढतं. म्हणजे घराची भिंत फुटून शेजारच्या गटाराचं पाणी आत येतं तसं, काकीनं आपल्यापुरतं समजून घेतलं. पण पुढचं समजून घ्यायला तिला वेळ लागला. औषधानं जे होणार होतं ते झालं होतं, नवीन लिव्हर मिळण्यासारखी त्याची अवस्था नव्हती. आता एक प्रयत्न करून बघता येईल, हमी नाही. निरोगी माणसाची शी घ्यायची, तपासायची, धुऊन गाळून तिचं पाणी करायचं, आणि नाकातून नळी घालून ते त्याच्या आतड्यात सोडायचं. चांगल्याचे जंतू वाईटात जाऊन नांदतील, नांदले तर. "धुतात?" काकीनं विचारलं. एवढ्या सगळ्यातला तेवढाच शब्द तिच्या ओळखीचा होता. मग लगेच म्हणाली, "माझी घ्या. कोंबडं आरवायच्या आत मोकळी होते मी, सगळी गल्ली घड्याळ लावून घेईल." डॉक्टरीणबाईनं वय विचारलं, साखरेच्या गोळ्या विचारल्या, मागच्या महिन्यात दाढ काढली तेव्हा घेतलेल्या कॅप्सूल विचारल्या आणि मान हलवली. काकी बाहेर बाकावर येऊन बसली. पोराला लागेल ते सगळं तिनं आजवर दिलं होतं, आणि आता द्यायची पाळी आली ती असल्या वस्तूची, तर तीही नापास. इस्त्रीवाला भेटायला आला होता, तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझी न्या काकी, पाहिजे तेवढी." "तुझी घातली तर उरलासुरलाही जाईल तो," काकी म्हणाली. "तुम्ही दोघं एकाच बाटलीतले." तेव्हा ती हसली होती. बाकावर, वॉर्डाच्या दारात, हसली होती. पण डॉक्टरीणबाईंनी पुढं विचारलं होतं, तुमच्या मुलाबरोबर एका घरात राहिलेलं, जेवलेलं, पण दारूला कधीही न शिवलेलं कुणी तरुण नाही का? आणि असं जगात एकच माणूस होतं.

तिला घालवली कुणी? काकीनं नाही. काकी फक्त बोलली होती. 'बायको धड असती तर नवरा घरात टिकला असता,' एवढंच. आणि तेही एकदाच, असं नाही म्हणता यायचं, पण मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. कुणाची तरी चूक असल्याशिवाय का असं होतं? डाग पडला की कशाचा पडला ते आधी बघायचं, चहाचा, गंजाचा, का रक्ताचा. त्यावर औषध ठरतं. दारूचा डाग कशाचा, ते काकीला कधी कळलं नाही. मुलगा लहानपणी देखणा, मऊ, घाबरट. मोठा झाला तरी अंथरूण ओलं करायचा. पुष्कळ उपाय झाले, मग एका सकाळी काकीनं त्याची चादर न धुता रस्त्याकडच्या तारेवर वाळत घातली, शाळेला जाणारी पोरं बघतील अशी. आठवड्यात सवय सुटली. ही गोष्ट ती सगळ्यांना सांगायची, सुनेलाही सांगितली होती, लग्नानंतर पहिल्यांदा दोघी मिळून चादरी घडी करत होत्या तेव्हा. चार टोकं चार हातात, एक पाऊल पुढं, टोकाला टोक. सुनेनं ऐकून टोक तसंच धरून ठेवलं होतं. "मग ते रडले का?" तिनं विचारलं होतं. रडला का, हे काकीला आठवेना. चादर आठवत होती. निळी किनार होती तिला. दारूचंही काकीनं तसंच करून पाहिलं होतं. गाद्यांखाली, कपडे उकळायच्या भट्टीमागे, खळीच्या डब्यात सापडलेल्या सगळ्या रिकाम्या बाटल्या तिनं लॉन्ड्रीच्या काउंटरवर ओळीनं मांडून ठेवल्या, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघाव्यात म्हणून. त्यानं बघितल्या, काही बोलला नाही, बाहेर गेला, आणि ओळीत ठेवायला आणखी एक घेऊन आला. स्वतः ठेवली, लेबल पुढं करून. त्याच आठवड्यात सून गेली.

काकी बसमधून उतरली. हॉस्पिटलच्या फाटकातून आत जाताना तिला नेहमीसारखा वास आला, तिच्याच धंद्याचा वास, ब्लीचिंगचा, पण इथं तो घशाला लागायचा. जिन्यावर तिनं दम खाल्ला. पहिल्यांदा त्याला घरी सोडलं होतं तेव्हा एक गोड, चिकट औषध दिलं होतं, मापाच्या टोपणानं द्यायचं. दिवसातून दोन-तीनदा तरी पोट साफ व्हायलाच हवं, म्हणजे आतलं विष बाहेर पडतं, असं बजावलं होतं. बजावलं होतं हे खरं. पण एवढा थोरला बाप्या माणूस, पाय काडीसारखे, पोट फुगून ढोलासारखं, भिंतीला धरून मोरीपर्यंत पोचेपोचेपर्यंत घात व्हायचा. तो भिंतीकडं तोंड करून म्हणायचा, "आई, पुरे ना ते औषध." जुलाबानं माणूस गळतं, हे काय काकीला कुणी शिकवायला हवं होतं? आणि चादरी. धुवायला तिची ना नव्हती. हॉटेलांच्या, वसतिगृहांच्या, परक्यांच्या हजार चादरी तिनं नाक न मुरडता धुतल्या होत्या. पण घरची चादर हातात घेताना तिचं तोंड कसं झालं असेल ते तिला दिसत नव्हतं, त्याला दिसत होतं. तिनं टोपण आधी अर्धं केलं, मग पाव. त्याला बरं वाटलं. चादरी कोरड्या राहिल्या, तो शांत झोपायला लागला, दुपारीसुद्धा. काकी शेजारणीला म्हणाली, "बघ, मी ओळखलं. औषधानंच बेजार केलं होतं." त्याला पुन्हा भरती करायची वेळ आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी, सगळं विचारून झाल्यावर, एवढंच म्हटलं, "ते एकच कारण नाही, काकी." तो सूर काकीला चांगला ठाऊक होता. भट्टीत घातलेला शर्ट फाटून निघाला की गिऱ्हाइकाला ती याच सुरात सांगायची, कापडच जुनं होतं हो.

आणि त्या सकाळचं तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. पुन्हा भरती केल्यावर, औषध खालून चढवून पोट मोकळं केल्यानंतर, काकी वॉर्डात शिरली तर तो उशीला टेकून बसलेला, डोळे हळदीसारखे पिवळे, हात पसरलेले आणि पंजे मधूनच फडफडणारे. तिच्याकडे बघून हसला. इतकं मोकळं, गोड, कितीतरी वर्षांत हसला नव्हता. "अहो बाई," तो म्हणाला, "जरा इकडं येता का?" काकीनं मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. "तुम्ही इथं कामाला आहात ना? एक उपकार करा. माझं अंथरूण खराब झालंय. आई यायच्या आत चादर तेवढी बदलाल का? तिला कळायला नको. फार करडी आहे हो ती. लॉन्ड्री आहे तिची." काकी उभीच राहिली. पोटच्या पोराच्या तोंडून तिनं आजवर 'अगं' ऐकलं होतं, 'गप बस' ऐकलं होतं, पिऊन आल्यावर याहून पुष्कळ काही ऐकलं होतं. ते सगळं झेललं होतं. या 'अहो'ला काय करायचं ते तिला कळेना. "मी बदलते," ती म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका." तिनं पण 'तुम्ही' म्हटलं. त्याला कुशीवर वळवलं, जुनी चादर लांबीच्या बाजूनं गुंडाळत नेली, नवी अंथरली, त्याला परत वळवलं, कोपरे खोचले. हात आपलं काम करत होते. तो म्हणाला, "छान करता तुम्ही. माझ्या बायकोचा हात असाच होता." मग थोड्या वेळानं, अगदी गुपित सांगितल्यासारखं, "आईला सांगणार नाही ना?" "नाही सांगणार." आणि काकीनं खरोखरच सांगितलं नाही. आईला जाऊन सांगावं, तर आई कुठं बसली होती? दुपारी त्याचं डोकं ताळ्यावर आलं, त्यानं तिला ओळखलं, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

आज तो झोपला होता. काकीनं पिशवीतून रिकामी बरणी काढून खाली कपाटात ठेवली आणि स्टुलावर बसली. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. रिकामी बरणी दिसल्यावर कपाटाचं दार त्यांनीच लोटलं. दुसऱ्या दिवशी त्याला थोडं कळत होतं, त्यानं पाणी मागितलं. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून रक्ताच्या उलट्या झाल्या. पोटात साठलेल्या पाण्यात जंतू शिरले, ताप चढला, रक्तदाब उतरत गेला. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, ते काकीनं तिथं उभं राहून बघितलं, एकेक बोट. नर्स म्हणाली, "काकी, बाहेर बसा." काकी म्हणाली, "इथंच बसते. मी आड येणार नाही." आणि ती खरंच आड आली नाही, एवढी मोठी बाई भिंतीला चिकटून, अंग चोरून बसली.

दुपारी सून आली. दुकानाचा आकाशी कोट अंगावर तसाच होता, खिशाला दुकानाचं नाव. धावत जिना चढलेली असावी, धाप लागली होती. पलंगाकडं न बघता सरळ डॉक्टरीणबाईंकडं गेली. "माझी तपासणी करा," म्हणाली, "काय रक्तबिक्त घ्यायचं असेल ते घ्या. मी तयार आहे. दारू नाही, तंबाखू नाही, मागच्या वर्षात एक गोळी घेतलेली नाही मी." घोकून आल्यासारखी एका दमात बोलली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला हात लावला. त्या हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. आता नळीतून काहीच सोडता येणार नाही, रक्तात विष भिनलंय, आता उशीर, असंच काही असणार; काकीला शब्द ऐकू येत नव्हते, सुनेची पाठ दिसत होती. ती पाठ आधी ताठ होती. मग आकाशी कोटाच्या आत खांदे हळूहळू खाली आले, तारेवरचा ओला कपडा एका चिमट्यावर राहावा तसे.

दोघी दोन बाजूंना बसल्या. मध्ये तो. त्याचा श्वास थांबायचा, आणि आता झालं म्हणेपर्यंत पुन्हा ओढल्यासारखा यायचा. सुनेनं त्याचा हात हातात घेतला नाही. पलंगाच्या कडेला आपला हात ठेवला, त्याच्या हातापासून चार बोटांवर. काकीला तो हात उचलून त्याच्या हातावर ठेवावासा वाटला आणि तिनं ठेवला नाही. खिडकीतून कुठल्याशा इमारतीचं बांधकाम ऐकू येत होतं, कुणीतरी लोखंडावर ठोके देत होतं. ऊन खिडकीच्या चौकटीवरून जमिनीवर उतरलं. मग एकदा श्वास गेला तो आला नाही. काकी वाट बघत राहिली. नर्स आली, नाडी बघितली, घड्याळाकडं बघितलं आणि नाकातली ऑक्सिजनची नळी काढताना "थांबा हं" असं त्यालाच म्हणाली.

सून रडली नाही, असं काकीला वाटलं होतं. ती रडत होती, पण आवाजाशिवाय. मग म्हणाली, "मी त्या दिवशी हो म्हणाले असते तर?" काकीकडं बघून नाही, त्याच्या कपाळाकडं बघून म्हणाली. काकीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. कसं नसेल? त्यात दम होता, धार होती, आणि ते टाकलं असतं की पाव टोपण औषधाचं सगळं ओझं या आकाशी कोटाच्या खांद्यांवर जाऊन बसलं असतं, कायमचं. पोरीनं मुकाट्यानं ते उचललंही असतं. त्यासाठीच ती मान खाली घालून बसली होती. दुकानात तिनं म्हटलं होतं, मला दोन्ही ऐकायचं नाही. आणि आता त्यातलं दुसरं, माझा मुलगा मारलास हे, ऐकायला ती आपणहून येऊन बसली होती. काकीनं मुलाकडं बघितलं. त्याचं तोंड किंचित उघडं होतं आणि चेहऱ्यावरची ती कायमची भीती, कुणीतरी रागावेल अशी, निघून गेली होती. तिला हे समजायला इतकी वर्षं लागली, की ती भीती होती. ती त्याला माज समजत आली होती.

काकी उठली. पलंगाला वळसा घालून पलीकडं गेली आणि सुनेसमोर उभी राहिली. सुनेनं वर बघितलं, मार खायला बघावं तसं.

"इकडं बघ," काकी म्हणाली, "आणि नीट ऐक, माझ्याच्यानं दोनदा बोलवणार नाही. तू नाही म्हणालीस ते बरोबर केलंस. घर सोडून गेलीस ते त्याहून बरोबर केलंस. राहिली असतीस तर मी आज दोघांना रडत बसले असते. त्याचं हे तुझ्यामुळं नाही झालं. कुणी विचारलं तर सांग, त्याच्या आईनं सांगितलंय. आणि मी एकदा बोलले की मागं घेत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"